युनूसचाचांच्या पखुर्ड्या

युनूसचाचांच्या मुलीचा, शबानाचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी ओमानमधल्या सोहारच्या लॅबमध्ये पाण्याच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवत होते. सुरुवातीला नुसताच घसा साफ केल्याचा आवाज, मागे कोंबड्यांचा कलकलाट, आणि मग, "ग्रेसआंटी, अब्बा गेले. काल असरच्या नमाजासाठी वजू करून, हातपाय धुऊन पडवीत टेकले, ते तसेच..." पुढचं ऐकू आलं, पण समजलं नाही. मी मेसेज पुन्हा लावला. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की आपण शब्द ऐकतच नाही आहोत, मागच्या कोंबड्या ऐकतो आहोत. त्या कोंबड्या चाचांच्याच असणार. निवृत्तीनंतर गावी जाऊन कोंबड्या पाळणार, असं ते म्हणायचे, आणि मी म्हणायची, "चाचा, तुम्हाला कोंबड्या कशाला, तुमचा जीव दुसऱ्याच पाखरांत आहे." त्या मेसेजला आता सहा आठवडे झाले. बाटल्यांवर लेबलं लावणं चालूच आहे.

युनूसचाचा माझे नात्याने कुणी नव्हते. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे कोकणी मुसलमान, मी वसईची ख्रिस्ती. ओमानच्या आतल्या भागात इब्री नावाचं गाव आहे. त्या गावाबाहेर, सपाट खडकाळ मैदानाच्या कडेला, सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र आहे. तिथे ते पंप ऑपरेटर होते आणि मी लॅबमध्ये केमिस्ट. नऊ वर्षं आम्ही एकत्र काम केलं. त्या आवारात मराठी बोलणारी माणसं आम्ही दोघंच. बाकी सगळ्यांशी हिंदी, साहेबांशी इंग्रजी, आणि यल्ला, खलास, इन्शाल्ला इतकी अरबी. पहिल्या दिवशी मी लॅबच्या दारात उभी होते. मैदानाकडे बघून मला रडू येईल की काय असं वाटत होतं. इतकी रिकामी जागा मी जन्मात पाहिली नव्हती. तेवढ्यात निळ्या डांगरीतला एक उंच, वाळका माणूस हातात दोन कप घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम वसईच्या ना? नावावरनं कळला. च्या घ्या. पहिला महिना वंगाळ जातो, मंग डोळे बसतात." डोळे बसतात म्हणजे काय ते मला महिन्याभराने कळलं. रिकामं वाटलेलं मैदान हळूहळू भरायला लागलं होतं. दूरची बाभळीसारखी झाडं, उंटांच्या वाटा, दुपारी दगडांवर थरथरणारी हवा... आणि पक्षी.

पक्षी त्यांनीच दाखवले. डिसेंबरातली सकाळ होती. तिकडच्या थंडीत शुद्ध केलेल्या पाण्याच्या तळ्यावरून वाफ निघते, तशी निघत होती. चाचांनी मला तळ्यापासून बरंच लांब, पाइपांच्या ढिगाआड बसवलं आणि म्हणाले, "बोलायचा नाय, हलायचा नाय." (तोवर मी मॅडमची 'बाय' झाले होते, आणि ते माझे चाचा.) बराच वेळ काहीच झालं नाही. मग आकाशाच्या कुठल्यातरी टोकाकडून एक आवाज आला. गोड नाही, कर्कशही नाही, घशातल्या घशात कुणी गुळणी करत हाक मारावी तसा. कत्ता... कत्ता... आधी आवाज, मग ठिपके, मग ते ठिपके एकदम खाली. वाळूच्याच रंगाचे, कबुतराएवढे, टोकदार शेपटीचे शेकडो पक्षी. काठापासून थोडे दूर उतरले, मान वर करून सगळीकडे पाहिलं, आणि मग सगळे मिळून पाण्यावर. दहा-बारा घोट प्याले असतील नसतील, की कुणीतरी न दिसणारा इशारा दिल्यासारखे एकदम उठले आणि वाफेत विरून गेले. तळं जसं होतं तसं. मला वाटलं, मी हे पाहिलं की मला डुलकी लागली होती? चाचा गुडघे झटकत उठले. "रोज येतंत," ते म्हणाले. "सतरा वर्सं बघतो मी. अजून मन भरत नाय."

त्यांना त्या पक्ष्याचं नाव ठाऊक नव्हतं. कोकणात हा पक्षी नाहीच. पाण्यापावसाच्या मुलखात त्याचं काय काम? वसईत मीही कधी पाहिला नव्हता. केंद्राच्या शेजारी सालिम नावाच्या एका म्हाताऱ्या ओमानी शेतकऱ्याची खजुराची बाग होती. तो म्हणायचा कता. पक्षी स्वतःच 'कता कता' म्हणतो म्हणून कता. "कताहून खरं बोलणारं कुणी नाही, तो नेहमी स्वतःचं खरं नाव सांगतो," असं त्यांच्याकडे म्हणतात, हेही सालिमनेच सांगितलं. पण चाचांना आपल्या भाषेतलं नाव हवं होतं. वर्षभराने सोलापूरकडचा एक इंजिनियर केंद्रावर मशिनरी तपासायला आला. त्याला चाचांनी हाताला धरून पाइपांच्या आड नेलं. तो बघतच राहिला आणि म्हणाला, "अहो, ही तर आमच्या माळावरची पखुर्डी! नाहीतर तिची मावसबहीण तरी." चाचा दिवसभर तो शब्द तोंडात घोळवत फिरत होते. पखुर्डी... पखुर्डी... संध्याकाळी लॅबच्या दारात येऊन मला म्हणाले, "बघ बाय, आपल्या देशातला पाखरू, आपल्याच भाषेतला नाव, आणि ते मला कळायला वाळवंटात यायला लागला."

तोपर्यंत मला वाटत होतं, हा त्यांचा छंद आहे. कुणी पत्ते खेळतं, कुणी मोबाइलवर सिनेमे बघतं, चाचा पखुर्ड्या बघतात. तो छंद नव्हता, हे मला माझ्या तिसऱ्या वर्षी कळलं.

त्या हिवाळ्यात तळ्याला नवं अस्तर घातलं. काळं, जाड, गुळगुळीत प्लॅस्टिक. पूर्वी काठ मातीचा होता, हळूहळू उतरत जाणारा. आता चारी बाजूंनी तिरपी घसरगुंडी झाली. पाणी झिरपणं थांबलं, साहेब खूश झाले. थंडीत पक्ष्यांनाही फारसा त्रास झाला नाही. कडेला उभं राहून, मान लांबवून ते पीत होते. पण मार्च उजाडला आणि पिलांचे दिवस आले. पखुर्डीचं घरटं म्हणजे उघड्या मैदानावरचा जेमतेम खळगा, पाण्यापासून कोसभर, दोन कोस, कधी त्याहूनही दूर. पिलांना उडता येत नाही आणि पाणी तर हवंच. मग त्यांचा बाप सकाळी पाण्यावर येतो, पोटापर्यंत आत शिरतो, आणि अंग डोलवून डोलवून पोटाची पिसं भिजवून घेतो. त्या पिसांत पाणी टिकून राहतं. तेवढं घेऊन तो उन्हातून परत उडत जातो. हे मला चाचांनी सांगितलं होतं आणि मी ते अर्धवट खरं मानलं होतं.

एका सकाळी चाचा लॅबमध्ये आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेलं काहीतरी होतं. मी नमुन्यांचं काहीतरी असेल म्हणून टेबलावर जागा केली. त्यांनी तिथे पाच पखुर्ड्या ठेवल्या. पाचही नर. ओल्या, जड, मान लुळी पडलेल्या. पिसांतून पाणी ओघळून माझ्या कागदांखाली गेलं. "आत उतरतंत," चाचा म्हणाले, "आणि वर चढता येत नाय. पिसं भिजून जड झालेली, पायाखाली नुसता प्लॅस्टिक. नखा रुतवायला कायबी नाय." आवाज अगदी साधा होता. मग ते स्टुलावर बसले. मी विचारलं, "चाचा, पाणी देऊ?" तर ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मी ग्लास तसाच खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "हे पाच मेले, ते दिसले. मैदानात त्यांची पोरं बसली असतील ना गो, बापाची वाट बघत... ती कुणाला दिसणार?"

त्यांनी मॅनेजरना सांगितलं, एका कोपऱ्यात वाळू टाकून उतार करू द्या. मॅनेजर म्हणाले, अस्तर फाटलं तर जबाबदार कोण? त्यांचंही काही चुकलं नव्हतं. त्यांना वर उत्तरं द्यायची होती. पक्षी त्यांच्या कागदांत नव्हते. चाचा म्हणाले, "ठीक आहे सर." आणि दुसऱ्या दिवशी सालिमच्या बागेत गेले.

खजुराच्या खोडाभोवती, झावळ्यांच्या बुंध्याशी, तपकिरी जाळीदार तंतूंची साल असते. ओमानी लोक पूर्वी तिचे दोर वळायचे. चाचांचे वडील गावी मचव्यांसाठी नारळाच्या काथ्याचं सुंभ वळायचे. लहानपणी चाचांनीही वळलं होतं आणि त्या कामाला कंटाळूनच ते परदेशी आले होते. आता पन्नाशी उलटलेला तो माणूस कामावरून सुटला की सालिमच्या बागेत मांडी घालून बसायचा आणि मांडीवर तळवा घासत दोर वळायचा. समोर सालिम बसायचा, तोही वळायचा. एकाला मराठी येत नव्हती, दुसऱ्याला अरबी कामापुरती. एकदा मी माझ्या मुलीला, रेचलला, घेऊन गेले होते. ती तेव्हा सात वर्षांची होती. दोघे म्हातारे गप्प बसून दोर वळत होते, पाटातून पाणी चाललं होतं, झावळ्यांतून उन्हाचे तुकडे त्यांच्या गुडघ्यांवर हलत होते... रेचल हळूच म्हणाली, "मम्मी, they are not talking, पण they are friends, ना?" तेवढी एक संध्याकाळ मला अजूनही कधी कधी स्वप्नात दिसते. तिच्यात काही घडत नाही. दोर तेवढा लांबत जातो.

दोन आठवड्यांत त्या दोरांची एक जाळी तयार झाली, दोन पुरुष रुंद. चाचांनी ती तळ्याच्या एका कोपऱ्यात काठावरून पाण्यात सोडली आणि वरची टोकं कुंपणाच्या खांबांना बांधली. ना खिळा, ना ठोका. अस्तराला ओरखडाही नाही. तिसऱ्या सकाळी पहिला नर त्या जाळीवरून पाण्यात उतरला. आम्ही दोघं पाइपांच्या आड होतो. तो डोलला, डोलला, अंग फुगवून पाणी घेतलं, आणि जाळीत नखं रुतवत, पावलापावलाने, नव्या नवरदेवासारखा वर आला. चाचांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिथे नंतर निळं पडलं.

आठवड्याभरात मॅनेजरांना जाळी दिसली.

आता जे लिहायचं आहे ते सहा आठवडे टाळत आले आहे. मिटिंग झाली. परवानगीशिवाय तळ्यात वस्तू टाकली, म्हणून चाचांना उभं केलं. मॅनेजर माझ्याकडे वळले आणि विचारलं, "लॅबचं काय म्हणणं आहे? त्या दोरांमुळे, पक्ष्यांमुळे पाणी खराब होतं का?" मला उत्तर माहीत होतं. शेकडो पक्षी वर्षानुवर्षं त्या तळ्यावर येत होते, आणि माझे आकडे तेव्हाही तसेच होते, आताही तसेच होते. ते पाणी रस्त्याकडेच्या झाडांना जायचं, कुणाच्या पिण्यात नव्हतं. पण त्या महिन्यात माझं काँट्रॅक्ट नवं व्हायचं होतं. समोर मॅनेजर होते, शेजारी हेड ऑफिसचा माणूस होता. मी म्हणाले, "सर, नमुने तपासल्याशिवाय सांगता येणार नाही." वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त वाईट. चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला अवघड होऊ नये म्हणून पाहिलं नाही, हे मला तिथेच कळलं. त्यांना वॉर्निंग लेटर मिळालं, जाळी काढली गेली आणि त्यांची बदली टँकरवर झाली. आणखी एक लेटर, की खलास, घरी.

ते टँकर घेऊन झाडांना पाणी घालत हिंडायचे आणि मी लॅबमध्ये बसायचे. सकाळी आकाशातून 'कत्ता कत्ता' आवाज आला की मी एसी मोठा करायचे. तिसऱ्या दिवशी तळ्यात दोन नर मेलेले सापडले. चौथ्या दिवशी एक. सफाईवाल्याने ते काठीने काढून कचऱ्यात टाकले. पाचव्या दिवशी मी एसी बंद केला, बाटल्या घेतल्या आणि तळ्यावर गेले. काढलेली जाळी शेडमागे पडली होती. ती टबात भिजवून तिच्या पाण्याचे नमुने घेतले, तळ्याच्या चारी कोपऱ्यांचे घेतले, जुन्या मातीच्या काठाच्या वेळचे रेकॉर्ड शोधून काढले. तीन आठवडे हेच केलं. मग साध्या इंग्रजीत एका पानाची नोट लिहिली, की पाण्यात काहीही फरक नाही, अस्तराला धोका नाही, उलट मेलेले पक्षी तळ्यात कुजणं पाण्याला जास्त वाईट. खाली सही करून मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "ग्रेस, यह उस दिन क्यों नहीं बोला?" मी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी नोटवर सही केली. माणूस वाईट नव्हता. फक्त कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

चाचा तळ्यावर परत आले, जाळी पुन्हा बांधली गेली. मी चहाचे दोन कप घेऊन गेले. म्हणाले, "चाचा, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं."

ते गाठ मारत होते. मारून झाली, ओढून पाहिली, मग म्हणाले, "टँकरावर मला बरा वाटला गो. एसी थंडगार होता."

"चाचा..."

"बाय, पोटाला भिऊन माणूस गप बसतो. मी काय कमी गप बसलो हाय?" कप घेतला, एक घोट घेतला. "पण पुढच्या टायमाला लवकर बोल. पाखरांना मिटिंगचा टाइम कळत नाय."

एवढंच. त्यानंतर सहा वर्षं आम्ही तिथे होतो, पण हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी मात्र त्यानंतर एकाही मिटिंगमध्ये 'तपासल्याशिवाय' हा शब्द खरंच तपासायचं असल्याखेरीज वापरला नाही.

एका वर्षी वसंतात दोनदा चांगला पाऊस झाला आणि ते खडकाळ मैदान कधी नव्हे ते हिरवं झालं. हिरवं म्हणजे आपल्याकडचं नव्हे. दगडांच्या फटीफटीतून विरळ, बोटभर उंचीचं गवत, इतकं फिकं की सरळ बघितलं तर दिसत नाही, तिरकं बघितलं तर दिसतं. सालिमने एका शुक्रवारी आम्हाला पिकअपमध्ये घातलं. पुढे तो आणि चाचा, मागच्या सीटवर मी आणि रेचल. कोरड्या नदीच्या पात्रातून गाडी चालली होती. अरबीत तिला वाडी म्हणतात, आणि चाचा दर वेळी हसायचे, "आमच्या गावात वाडी म्हणजे माडाचा बाग, घरा, माणसा. इथं वाडी म्हणजे नुसते दगड." खूप आत गेल्यावर सालिमने इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. आम्हाला काही दिसेना. गवत, दगड, ऊन. रेचल पेंगायला लागली. वारा गाडीच्या खिडक्यांतून आत येत होता आणि बाहेर जात होता. आपण कुठे आहोत, किती वाजलेत, आपलं घर कुठल्या दिशेला, काही काही आठवत नव्हतं... आणि मग तो आवाज आला. एकटाच. एक नर खाली उतरला, गाडीपासून पन्नासेक पावलांवर. थोडा चालला, मान उंच करून ताठ उभा राहिला. आणि जिथे दगडांखेरीज काहीच नव्हतं, तिथले तीन दगड उठून धावत निघाले.

पिलं. अंगठ्याएवढी. बापाच्या पोटाखाली तिन्ही शिरली आणि पिसांना चोची लावून, ओढून ओढून पाणी प्यायला लागली. बाप हलला नाही. डोक्यावर ऊन, भोवती सगळं उघडं, तरी तो तसाच उभा होता. पिलं त्याला खालून ओढत होती आणि तो समोर बघत होता.

"मम्मी," रेचल कुजबुजली, "he is the papa? त्याने शर्टमध्ये पाणी आणलं?"

"हो."

 मला वाटलं चाचा हसत असतील. पुढे वाकून पाहिलं तर त्यांचा चेहरा पूर्ण भिजलेला होता. सालिमनेही ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून बाहेर बघत राहिला. पक्षी उडून गेल्यावर, पिलं पुन्हा दगड होऊन बसल्यावर, चाचा बोलायला लागले. कुणाशी ते कळत नव्हतं. शबाना लहान असताना तिची आई दर वर्षी कागदावर तिचं पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ काढायची आणि पत्रातून पाठवायची. त्या मापाच्या चपला चाचा इथे विकत घ्यायचे. सुट्टी मिळायची दोन वर्षांनी. "दर वेळेस लहान पडायच्या," ते म्हणाले. "दर वेळेस ती पाय कोंबायची आत. होतंत अब्बा, होतंत, बोलायची. पाय लालभडक. सात जोड झाले असे... मी कायतरी नेत होतो ना गो, पोचत नव्हता एवढाच." मग गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसलं आणि सालिमला म्हणाले, "यल्ला, अर्बाब. चला मालक."

तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन गावी गेले. निरोपाला सालिमने खजुराचा डबा दिला आणि दोघांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावला. त्यानंतर महिन्याभरात माझीही बदली सोहारला झाली, आणि इब्री मागे पडलं. चाचांचा फोन दर पंधरा दिवसांनी यायचा. नातवंडांचं सांगायचे, कोंबड्यांचं सांगायचे. नातवाला स्वतः दुकानात नेऊन, चपला पायात घालून, चालवून बघून आणल्या, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता, हमखास, "बाय, येतंत ना गो अजून?"

पहिल्यांदा मी म्हणाले, "हो चाचा, येतात." इब्रीहून सोहारला येऊन दोनच महिने झाले होते, खोटं वाटलं नाही. मग सहा महिन्यांनी म्हणाले, "हो." वर्षाने म्हणाले, "हो, खूप येतात." तीन वर्षांत मी एकदाही तिथे गेले नव्हते. जाळी शाबूत आहे की कुजली, अस्तर बदललं की काय, तळं तरी आहे का, मला काहीच ठाऊक नव्हतं. सोहारहून इब्री डोंगरातून काही तासांचा रस्ता. पण नोकरी, रेचलची शाळा, परीक्षा... प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या फोनच्या आधी जाऊन येऊ. पुढचा फोन यायचा आणि मी म्हणायची, हो. ते म्हणायचे, "बरा झाला."

शबानाचा मेसेज आला त्याच्या पुढच्या आठवड्यात मी रजा टाकली, पहाटे गाडी काढली आणि इब्रीला गेले. केंद्राच्या फाटकावर नवा पहारेकरी होता. माझं जुनं कार्ड बघून आत सोडलं. ओळखीचं कुणी नव्हतं. मॅनेजर बदललेले, लॅबमध्ये दुसरी मुलगी, सालिमच्या बागेत त्याचे मुलगे. मी तळ्याच्या दिशेने चालायला लागले.  तेवढ्यात पंपघरातून एक ओमानी मुलगी धावत बाहेर आली. काळा पायघोळ अबाया, वरून चकचकीत सेफ्टी जॅकेट, पायात जड बूट. तिने माझ्यासमोर हात आडवा धरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, अब्बी नाय जाने का. पाणी पीने का टाइम है."

मी तिथेच थांबले. ओमानी माणसं हिंदी बोलतात, पण अशी नाही. ती हिंदी रत्नागिरीची होती. 'अब्बी'वर जोर, 'नाय', 'पाणी', आणि शेवट असा ओढलेला, जसा फक्त एकच माणूस त्या आवारात ओढायचा. डोळे मिटले असते तर मी म्हणाले असते, चाचा, मी आहे हो, ग्रेस.

"किसने बोला?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले. तिला कामाला लागून वर्षच झालं होतं. आधीच्या ऑपरेटरने शिकवलं होतं, त्याला त्याच्या आधीच्याने. हातातल्या फाइलमधला रोजच्या कामांचा कागद तिने दाखवला. पंप, व्हॉल्व्ह, मीटर. या वेळेसमोर कुणाच्या तरी हाताने अरबीत दोन शब्द लिहिले होते. तिने त्यांवर बोट ठेवून अर्थ सांगितला, कताची वेळ. "पहले से ऐसा है," ती म्हणाली. मग ओठांवर बोट ठेवून तिने वर पाहिलं.

वरून आवाज येत होता. तिने वॉकीटॉकी बंद केली. आम्ही दोघी पंपघराच्या भिंतीला पाठ लावून, न हलता उभ्या राहिलो.